दमनकाचा खटला

गुप्तहेराची गोष्ट म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे लंडनचे धुके, बेकर स्ट्रीट आणि भिंग घेऊन जमिनीवर वाकलेला एक उंच माणूस उभा राहतो. त्यातून ती गोष्ट मुलांसाठी असेल आणि तिच्यातले गुप्तहेर प्राणी असतील, तर ती विलायतेहून किंवा अमेरिकेहून आलेली अगदी नवी चीज आहे असे आपण बिनदिक्कत धरून चालतो. या समजुतीत थोडे तथ्य आहे. वॉल्टर ब्रुक्स या अमेरिकन लेखकाने १९३२ साली फ्रेडी नावाच्या डुकराला गुप्तहेर बनविले, आणि ईव्ह टायटस या बाईंनी १९५८ साली खुद्द शेरलॉक होम्सच्या घराच्या तळघरात बेझिल नावाचा एक उंदीर आणून बसविला. त्यांच्याकडे मी शेवटी येणारच आहे. पण गुन्हा, संशयित, पुरावा, साक्ष आणि निवाडा ही जर या कथांची सामग्री असेल, तर ती आपल्या देशातल्या प्राण्यांनी फार पूर्वी जमा करून ठेवली होती. तिचा थोडा माग काढावा, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

'माग' हा शब्द मी मुद्दाम वापरला. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनसाहेबाने १८१९ साली दख्खनच्या व्यवस्थेचा जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या जागल्याचे काम कसे चाले ते सांगितले आहे. गावात चोरी झाली की जागल्याने चोराची पावले पाहत निघायचे. ती शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत पोचवून दिली की याची जबाबदारी सरली आणि त्या गावच्या जागल्याची सुरू झाली. ज्या गावात पावले जिरली, त्या गावाने नुकसान भरून द्यायचे. म्हणजे धुळीतली पाऊलखूण हा आपल्याकडे केवळ गोष्टीतला चमत्कार नव्हता. तिच्यावर गावाचा पैसा आणि पत अवलंबून असे. ज्या समाजात माणसे पावले वाचून न्याय मागत होती, त्या समाजाच्या गोष्टींतले प्राणी पावले वाचू लागले तर नवल ते काय?

पंचतंत्रातल्या 'काकोलूकीय' तंत्रात एक कोल्हा आहे. संध्याकाळी तो आपल्या गुहेशी येतो आणि दाराशीच थबकतो. सिंहाची पावले आत गेलेली दिसताहेत, बाहेर आलेली दिसत नाहीत. इथपर्यंत ही गोष्ट इसापाच्या म्हाताऱ्या सिंहासारखीच आहे. तिथला कोल्हाही हेच पाहतो आणि आजारी सिंहाच्या समाचाराला आत जाण्याचे टाळतो. रोमन कवी होरेस याच्या काळी, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात, ती गोष्ट इतकी रुळलेली होती की नुसता उल्लेख केला तरी वाचकाला कळत असे. पण आपला कोल्हा इसापाच्या कोल्ह्याच्या एक पाऊल पुढे आहे. तो मनाशी म्हणतो, खूण तर आहे, पण खात्री कशी करावी? मग तो गुहेलाच हाक मारतो आणि रोजच्यासारखी ओ का देत नाहीस म्हणून तिला विचारतो. आतल्या सिंहाला वाटते, ही गुहा बोलत असेल, आपल्या धाकाने आज गप्प बसली असेल, तर तिच्या वतीने आपणच ओ द्यावी. तो ओ देतो आणि कोल्हा पळ काढतो. आधी खूण, तिच्यावरून तर्क, आणि मग तो तर्क पारखण्यासाठी रचलेली एक युक्ती. होम्सने तरी याहून वेगळे काय केले?

पाली जातकांत 'नळपान' म्हणून एक जातक आहे. त्यात ऐंशी हजार माकडांचा राजा असलेला बोधिसत्त्व एका अनोळखी तळ्याच्या काठी हीच परीक्षा करतो. पावले पाण्याकडे उतरली आहेत, वर चढलेली एकही नाही. म्हणजे पाण्यात कोणीतरी बसले आहे. आत खरोखरच एक राक्षस असतो. बोधिसत्त्वाचा पराक्रम असा, की तो आपल्या मंडळींना तहानलेली परत नेत नाही. काठावर बसून पोकळ बोरूच्या नळ्यांनी ती सारी पाणी पितात आणि राक्षस हात चोळीत राहतो. लहान मुलांना ही गोष्ट सांगून पाहा. राक्षसाच्या वर्णनापेक्षा 'गेलेली पावलं आहेत, आलेली नाहीत' या वाक्यालाच ती जास्त दचकतात.

परंतु पाऊलखुणांच्या या गोष्टींत एक उणे आहे. त्यांत शोध लागतो तो स्वतःचा जीव वाचविण्यापुरता. कोणावर खोटा आळ आला आहे आणि खरा गुन्हेगार निराळाच आहे, हा जो रहस्यकथेचा गाभा, तो पाहायचा असेल तर 'कुक्कुर जातका'कडे वळावे लागते. माझ्या मते ही आपल्या वाङ्मयातली पहिली खरीखुरी प्राणि-गुप्तहेरकथा होय. दुर्गाबाई भागवतांनी 'सिद्धार्थ जातक' या नावाने जातके मराठीत आणली आहेत. ज्यांच्या घरी ते खंड असतील त्यांनी ही कथा जरूर काढून मुलांना वाचून दाखवावी.

काशीच्या राजाचा रथ रात्री अंगणात उभा होता. पाऊस झाला, रथाचे चामडी साज भिजून मऊ पडले. राजवाड्यातली जातिवंत कुत्री खाली आली आणि त्यांनी ते चामडे कुरतडून खाल्ले. सकाळी सेवकांनी राजाला सांगितले की मोरीच्या वाटेने बाहेरची कुत्री आत शिरली असावीत. राजा संतापला. जिथे कुत्रे दिसेल तिथे मारा, असा हुकूम सुटला. गावातली उरलीसुरली कुत्री स्मशानात राहणाऱ्या आपल्या नायकाकडे पळाली. हा नायक म्हणजे बोधिसत्त्व. तो मनात म्हणतो, वाड्याला पहारा आहे, बाहेरचे कुत्रे आत जाणे शक्य नाही, तेव्हा हे काम आतल्यांचेच. तो एकटा, कोणाच्या हाती न लागता, थेट दरबारात जातो आणि राजाला उलटतपासणीचे प्रश्न विचारतो. चामडे कोणत्या कुत्र्यांनी खाल्ले हे तुम्हांला ठाऊक आहे काय? नाही. मग सगळ्यांनाच मारण्याचा हुकूम आहे काय? तसे नाही, वाड्यातल्या कुत्र्यांना माफी आहे. इथे बोधिसत्त्व राजाला बोलतो. गुन्हेगार माहीत नसताना दुबळ्यांना मारायचे आणि आपल्या लाडक्यांना वगळायचे, हा न्याय नव्हे, पक्षपात आहे.

एवढ्यावर गोष्ट संपली असती तर ती नुसती नीतिकथा झाली असती. पण राजा विचारतो, मग तूच सांग, कोणी खाल्ले? आणि बोधिसत्त्व पुरावा देतो. तो ताक आणि दर्भ मागवितो, दर्भ ताकात कुस्करून वाड्यातल्या कुत्र्यांना पाजायला लावतो. कुत्री ओकतात आणि ओकारीत चामड्याचे तुकडे पडतात.

पाहा कसे चोख काम आहे! साक्षीदार नाही, कबुली नाही, दैवी कौल नाही. ज्या संशयितांकडे कोणी बोटही दाखविले नव्हते त्यांच्या पोटातून मुद्देमाल काढून दाखविला. आणि या शोधावर काय अवलंबून होते? एका नगरातल्या साऱ्या कुत्र्यांचे प्राण. रहस्यकथेत पणाला लागलेली वस्तू मोठी असावी असे म्हणतात. त्या मानाने हल्लीच्या बालकथांतल्या हरवलेल्या नेकलेसांची मला कधीकधी गंमत वाटते.

आता मुख्य खटल्याकडे येऊ.

पंचतंत्राचे पहिले तंत्र 'मित्रभेद' आपण सर्वांनी शाळेत तुकड्यातुकड्यांनी वाचलेले असते. वर्धमान व्यापाऱ्याच्या गाड्याचा बैल संजीवक वाटेत जायबंदी होतो, रानात राहून गुबगुबीत होतो. त्याच्या डुरकण्याला पिंगलक सिंह भितो. दमनक नावाचा कोल्हा मध्यस्थी करून दोघांची मैत्री जुळवितो आणि ती मैत्री आपल्याच मुळावर आली असे पाहून पुढे एकाचे दुसऱ्याला खोटे सांगून ती मोडतो. सिंह बैलाला मारतो. मारल्यावर त्याला पश्चात्ताप होतो. दमनक त्याची समजूत घालतो, राजाने असे हळवे होऊ नये असे बजावतो, आणि पिंगलक त्याला प्रधान करून सुखाने राज्य करू लागतो. इथे तंत्र संपते.

हे तंत्र विष्णुशर्म्याने सांगितले ते अमरशक्ती राजाच्या तीन ढ मुलांना, सहा महिन्यांत शहाणे करण्याची पैज लावून. म्हणजे ही गोष्ट मुळातच मुलांसाठी आहे. आणि ऐकणारे मूल तिच्या शेवटी हटकून विचारते, 'मग दमनकाला शिक्षा नाही झाली?' विष्णुशर्म्याचे उत्तर सरळ आहे : नाही झाली. राजवाड्यात असे लोक असतात, त्यांना ओळखायला शीक, एवढेच त्याला राजपुत्रांना शिकवायचे होते. करटक दमनकाला शेवटी पुष्कळ बोल लावतो. धर्मबुद्धी आणि दुष्टबुद्धी यांची, झाडाच्या ढोलीत बापाला बसवून खोटी साक्ष देवविल्याची गोष्ट तो याच वेळी सांगतो. पण करटक बोलून थांबतो. तो राजाला जाऊन सांगत नाही.

हेच पुस्तक सहाव्या शतकात इराणात गेले. नौशेरवान बादशहाच्या पदरचा बुर्झोए नावाचा वैद्य हिंदुस्थानात येऊन ते घेऊन गेला आणि त्याने ते पहलवीत उतरविले. करटक आणि दमनक यांच्या नावांवरून त्याला 'कलीला व दिमना' असे नाव पडले. सुमारे ७५० साली इब्न अल्-मुकफ्फा या लेखकाने ते अरबीत आणले, आणि अरबीत आल्यावर वाचकाला एकाएकी एक नवे प्रकरण भेटते. त्याचे नाव 'दिमनाच्या प्रकरणाची चौकशी'. संस्कृतात याचा मागमूस नाही.

हे प्रकरण मी जरा सविस्तर सांगतो, कारण मराठीत ते फारसे कोणी सांगत नाही.

बैल मेला. एके रात्री सिंहाच्या दरबारातला चित्ता उशिरा घरी निघाला असता कलीला आणि दिमना यांच्या बिऱ्हाडावरून जातो. आत कलीला दिमनाला फैलावर घेत आहे. चित्ता भिंतीला कान लावतो आणि साऱ्या कारस्थानाचा त्याला उलगडा होतो. तो सिंहाच्या आईकडे जातो, पण आपले नाव फोडणार नाही अशी तिच्याकडून शपथ घेऊन मगच बोलतो. झाली अडचण! आईला सत्य कळले आहे, पण कोणी सांगितले ते तिला सांगता येत नाही. सकाळी ती मुलाकडे जाते. तो मित्राच्या आठवणीने झुरत बसलेला. ती म्हणते, माझ्या कानावर आले आहे. तो म्हणतो, नाव सांग. ती म्हणते, विश्वासाने सांगितलेले मी फोडणार नाही.

सभा भरते. दिमना येतो आणि साळसूदपणे विचारतो, महाराज आज खिन्न का? आई उत्तर देते की तू अजून जिवंत आहेस म्हणून. आणि तिथून पुढे तो जो काय बचाव करतो, तो वाचताना आपण चोराच्या बाजूने केव्हा झुकलो हे कळत नाही. तो म्हणतो, पुरावा आणा. संशयावरून मला मारलेत तर उद्या तुमच्यापैकी कोणाचीही तीच गत होईल. जो खोटी साक्ष देईल त्याने परिणामाचा विचार करावा. आणि तो एका अर्धवट वैद्याची गोष्ट सांगतो. औषधांची माहिती नसता राजकन्येला औषध देण्याचे त्याने धाडस केले, ती मेली आणि त्यालाही जीव गमवावा लागला. सभा गप्प. सगळ्यांना वाटते हाच गुन्हेगार, पण उठून बोलायला कोणी तयार नाही. चाणाक्ष आरोपी पुरावा नसण्याचा कसा उपयोग करतो, हे याहून स्पष्ट कुठे लिहिलेले मी वाचले नाही.

मग उठतो डुकरांचा नायक, राजाच्या मुदपाकखान्याचा प्रमुख. तो म्हणतो, पुरावा कशाला हवा, याच्या चेहऱ्यावरच लिहिलेले आहे. याचा डावा डोळा उजव्यापेक्षा लहान आहे, तो फडफडतो, नाक एका बाजूला कललेले आहे. शास्त्र सांगते की असा इसम दुष्ट असतो. दिमना यावर दोन उत्तरे देतो. पहिले तर्काचे : शरीराच्या खुणांवरून जर माणूस बरावाईट ठरत असेल, तर चांगल्याला बक्षीस आणि वाइटाला शिक्षा कशासाठी? खूण काही मी माझ्या हाताने काढून घेतलेली नाही. दुसरे उत्तर वर्मी लागणारे : तुझ्या अंगावर काय काय घाण आणि रोग आहेत ते मी सांगू का, आणि तू राजाच्या अन्नाला हात लावतोस! डुकराची नोकरी जाते. इथे मुले हमखास हसतात. पण आरोपीचे हे पहिले उत्तर विसरण्यासारखे नाही. त्यानंतर अकराशे वर्षांनी, १८७६ साली, लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टराने गुन्हेगार चेहऱ्यामोहऱ्यावरून ओळखता येतो असे सांगणारा ग्रंथ लिहिला आणि युरोपातल्या मोठमोठ्या विद्वानांनी माना डोलावल्या. त्यांच्या सभेत त्या दिवशी एखादा दिमना हवा होता!

दिमना तुरुंगात पडतो. कलीला त्याला रात्री भेटायला जातो. दोघे जुने सोबती बोलतात, पुन्हा सारी कबुली होते, आणि शेजारच्या कोठडीत दुसरा एक श्वापद कैदी पडला आहे, तो ते ऐकतो. ऐकून गप्प राहतो. कलीला भीतीने आणि दुःखाने खचून मरतो. त्याच्या मृत्यूची बातमी दिमनाला रूझबिह नावाचा एक कोल्हा आणून देतो. न्यायाधीश त्याला गोडीगुलाबीने म्हणतो, कबूल कर, निदान परलोक तरी साधेल. दिमना म्हणतो, न केलेली गोष्ट कबूल करून मी माझ्याच खुनात सामील होऊ काय? अपराधी हे बोलत आहे, हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक आहे. आणि तरी त्याच्या बोलण्यातले एकही वाक्य खोडता येत नाही.

शेवटी सिंहाची आई चित्त्याला गळ घालते आणि तो उघडपणे साक्ष द्यायला तयार होतो. त्याची साक्ष झाल्याबरोबर तुरुंगातला तो दुसरा कैदी निरोप पाठवितो, माझ्यापाशीही साक्ष आहे. मग इतके दिवस का नाही बोललास? तो म्हणतो, एकट्याच्या साक्षीने निवाडा होत नाही, मग बोलून उपयोग काय होता? दोन साक्षी जुळल्या, गुन्हा शाबीत झाला, आणि दिमनाला तुरुंगात अन्नपाण्यावाचून मरण आले.

रहस्यकथेचे रसिक म्हणतील, यात रहस्य कुठे आहे? खुनी कोण हे तर आधीच कळले. हरकत बरोबर आहे. पण खुनी आधी दाखवून मग तो सापडतो कसा हे सांगण्याचा प्रकार रहस्यकथेत मान्य आहे. ऑस्टिन फ्रीमन या इंग्रज लेखकाने १९१२ साली आपल्या एका संग्रहात असल्या गोष्टी लिहिल्या आणि त्यांना नवीन प्रयोग म्हणून नावाजले गेले. इथे प्रश्न 'कोणी केले' हा नाहीच. ठाऊक असलेले सत्य सिद्ध कसे करायचे, आणि सिद्ध होईपर्यंत हात आवरायचा कसा, हा प्रश्न आहे.

हे प्रकरण लिहिले कोणी, याचा शोध म्हणजेही एक लहानशी गुप्तहेरकथाच आहे. बुर्झोएचे पहलवी पुस्तक नष्ट झाले आहे. तेव्हा चौकशीचे प्रकरण बुर्झोएने जोडले की अरबीत इब्न अल्-मुकफ्फाने, हे ठरविणार कसे? थिओडोर बेन्फाय या जर्मन पंडिताने १८५९ साली पंचतंत्राचा प्रवास मांडला तेव्हा त्याच्यापाशी या प्रश्नाचे साधन नव्हते. पुढे तुर्कस्तानात मार्दीन येथल्या मठात सीरियाक भाषेतली एक जुनी पोथी मिळाली. ती सहाव्या शतकात पहलवीवरूनच केलेली, अरबीच्या आधीची. १८७६ साली बिकेल याने ती लाइप्झिगला छापली, बेन्फायने तिला प्रस्तावना लिहिली. आणि तिच्यात चौकशीचे प्रकरण नव्हते! म्हणजे पहलवीतही ते नसावे. बोट इब्न अल्-मुकफ्फाकडे वळले, आणि आज बहुतेक विद्वान ते त्याचेच मानतात. तुरुंगात बातमी घेऊन येणाऱ्या त्या कोल्ह्याचे नाव रूझबिह, आणि इब्न अल्-मुकफ्फाचे स्वतःचे मूळ इराणी नावही रूझबिह. हा निव्वळ योगायोग असेल, पण एखाद्या कारागिराने मूर्तीच्या पाठीमागे आपली निशाणी कोरावी तसा तो मला वाटतो.

या माणसाच्या आयुष्याकडे पाहिले म्हणजे त्याने दमनकाला कोर्टात का खेचले असेल याचा थोडा अंदाज येतो. त्याचा बाप इराणातला कारकून, करवसुलीवर होता. पैसे खाल्ल्याच्या आरोपावरून त्याचा असा छळ झाला की हात कायमचा लुळा पडला, आणि 'मुकफ्फा' म्हणजे 'आखडलेल्या हाताचा' हेच त्याचे नाव होऊन बसले. मुलगा मोठमोठ्या सुभेदारांचा चिटणीस झाला. त्याने खलिफा मन्सूर याच्यासाठी राज्यकारभारावर एक पत्रिका लिहिली. एकाच गुन्ह्याला एका शहरात जीवदान आणि दुसऱ्या शहरात मृत्यू मिळतो, न्यायाधीशांचे निवाडे एकमेकांना छेद देतात, तेव्हा सर्वत्र एक कायदा असावा, असे त्याने त्यात सुचविले. ती सूचना मन्सूरने स्वीकारली नाही. पुढे खलिफाच्या बंडखोर चुलत्यासाठी अभयपत्राचा मसुदा त्याने केला. तो इतका बिनचूक आणि कडक, की खलिफाला पळवाटच राहू नये. तो मसुदा खलिफाच्या मनात सलला असे इतिहासकार सांगतात. ७५६ ते ७५९ च्या दरम्यान केव्हातरी बसऱ्याच्या सुभेदाराने त्याला हालहाल करून मारविले. वय सुमारे छत्तीस. चौकशी नाही, साक्ष नाही, न्यायाधीश नाही. आपल्या कथेतल्या खुनी कोल्ह्याला त्याने जे जे दिले, त्यातले काहीच त्याच्या वाट्याला आले नाही.

पुस्तक मात्र पुढे चालत राहिले. स्पॅनिश, हिब्रू, लॅटिन, जर्मन, आणि १५७० साली थॉमस नॉर्थच्या हातून इंग्रजी, असा त्याचा प्रवास झाला. पूर्वेकडे हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीने पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते 'अन्वार-इ-सुहैली' या नावाने नटव्या फार्सीत लिहिले, आणि अकबराच्या सांगण्यावरून अबुल फझलने १५८८ च्या सुमारास त्याचे सोपे रूप केले. चौकशीचे प्रकरण या साऱ्यांबरोबर होतेच. म्हणजे दमनक या देशातून निघाला तेव्हा प्रधान होता, आणि हजार वर्षांनी परत आला तेव्हा शिक्षा भोगलेला कैदी!

आता एक गंमत पाहा. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात कंपनीचे तरुण अंमलदार देशी भाषा शिकत. फार्सी शिकणाऱ्याच्या हाती 'अन्वार-इ-सुहैली' पडे. त्याचा दमनक कोठडीत उपाशी मरे. मराठी शिकणाऱ्यासाठी केरीचा पंडित वैजनाथशर्मा याने १८१५ साली श्रीरामपूरला 'हितोपदेश' मराठीत छापून काढला. त्याचा दमनक राजाचा जयजयकार करून मोकळा होई. एकाच आवारात, शेजारशेजारच्या वर्गांत, एकाच आरोपीचे दोन निकाल. मराठीत पंचतंत्राची परंपरा जुनी आहे. निर्मळ पाठकाचे जुन्या मराठीतले 'पंचोपाख्यान' अभ्यासकांना ठाऊक आहे. पण ती सगळी संस्कृताला धरून चालली, सबब आपला दमनक आजवर सुटलेलाच आहे.

युरोपात सिंहाच्या दरबारातला दुसरा एक आरोपी फार गाजला, तो म्हणजे रेनार्ड कोल्हा. बाराव्या-तेराव्या शतकांपासून फ्रेंच आणि डच कवींनी त्याला रंगविले, कॅक्स्टनने १४८१ साली त्याचे चरित्र इंग्रजीत छापले, आणि गटेसारख्याने १७९४ साली त्यावर काव्य केले. तिथे पुरावा उघड आहे. मेलेली कोंबडी तिरडीवर घालून दरबारात आणली जाते. समन्स घेऊन अस्वल जाते ते मधाच्या लोभाने फाटलेल्या ओंडक्यात अडकते, मांजर जाते ते फासात सापडते. आणि रेनार्ड फाशीच्या दोरापाशी उभा राहून गुप्त खजिन्याची अशी थाप ठोकतो की राजा पाघळतो. दिमनाच्या सभेत राजाला पुरावा मिळत नाही. रेनार्डच्या सभेत तो समोर पडलेला असून लोभापुढे दिसत नाही. दुसरी गोष्ट जास्त हसवते, पहिली जास्त बेचैन करते.

आता फ्रेडीकडे येतो. ब्रुक्सने १९२७ ते १९५८ या काळात न्यूयॉर्क संस्थानातल्या बीन नावाच्या शेतकऱ्याच्या प्राण्यांवर २६ पुस्तके लिहिली. त्यांतले 'फ्रेडी द डिटेक्टिव्ह' १९३२ चे. फ्रेडी हा आळशी, कविता करणारा, थोडा भित्रा डुक्कर. शेरलॉक होम्सच्या गोष्टी वाचून तो गुप्तहेर होतो आणि मिसेस विगिन्स नावाच्या गाईला भागीदार घेतो. गाय हुशारीचा आव आणीत नाही, पण अडलेल्या ठिकाणी बेताची गोष्ट तीच सुचविते. उंदीर चोरी करतात आणि पुढे जिंक्स नावाच्या मांजरावर कावळा मारल्याचा बनावट पुरावा रचतात. पिसे पेरून ठेवलेली असतात. कोंबडा न्यायाधीश होतो, खटला चालतो, आणि पेरलेला पुरावा पेरलेलाच आहे हे फ्रेडीला भर सभेत दाखवावे लागते. पंचतंत्रात राणीचा हार सापाच्या बिळात टाकून राजाच्या माणसांकडून साप मारविणारी कावळ्याची जोडी आपल्याला आठवते. तिथे पुरावा पेरणे ही दुबळ्याची युक्ती म्हणून वाखाणली आहे. अमेरिकेत तीच युक्ती गुन्हा ठरली. काळ बदलला, आणि गोष्ट ऐकणारे मूल राजपुत्र न राहता नागरिक झाले, हे त्याचे कारण असावे.

बेझिल उंदराबद्दल फार सांगत नाही. तो चपळ आहे, पोशाखी आहे, १९८६ साली त्याच्यावर चित्रपटही निघाला. पण त्याच्या जागी माणूस घातला तरी गोष्ट तशीच चालेल. फ्रेडीचे तसे नाही.

फ्रेडीच्या पुस्तकातली तुरुंगाची हकीगत तर विष्णुशर्म्यालाही आवडली असती. प्राणी गोठ्यात एक तुरुंग उघडतात. शिक्षा म्हणून आत टाकलेल्यांना काम नसते, खाणे आयते मिळते, दिवसभर खेळ आणि गप्पा चालतात. ही बातमी शेतावर पसरते. मग काय, आत जायला मिळावे म्हणून जो तो लहानसहान गुन्हे करू लागतो, कोंबड्याच्या न्यायासनापुढे रांग लागते, आणि गुप्तहेराला गुन्हेगार शोधण्याचे कामच उरत नाही, कारण ते आपल्या पायांनी चालत येऊन कबुली देत असतात.